युनियन, संप आणि नव्या कामगार संहिता: कचेरीत रोज येणारे प्रश्न

पहिली पाळी सुटली की आमच्या युनियनच्या कचेरीत माणसं येऊ लागतात. कुणाच्या हातात नोटीस असते, कुणाच्या मोबाइलवर कुठून तरी फिरत आलेला मेसेज. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून मेसेजवाले वाढलेत. मी वकील नाही, कचेरीत बसून पावत्या फाडणारा आणि कन्सिलिएशनला (सरकारी अधिकाऱ्यापुढच्या समेटाच्या बैठकीला) जाणारा माणूस आहे. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. जिथे लोक जास्त गोंधळतात तिथे सविस्तर लिहिलंय, बाकी ठिकाणी दोन ओळींत उरकलंय.

नव्या कायद्यांनी युनियन करायचा हक्कच काढून घेतला, हे खरं का?

नाही. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(ग) मध्ये आहे, तो कुठल्याही संहितेने जात नाही. केंद्राचे २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या: वेतन (२०१९), औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य (तिन्ही २०२०). युनियनवाल्यांचा रोजचा संबंध येतो तो औद्योगिक संबंध संहितेशी. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातल्या लेखी सेवानियमांचा) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, हे तीन तिच्यात विरघळले.

१९२६ चा कायदा आला त्यामागेही एक खटला होता. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने १९२१ मध्ये तिथल्या मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांना, बी. पी. वाडियांसह, कोर्टात खेचलं होतं. कामगारांना एकत्र आणणं हाच गुन्हा ठरत होता. त्या कायद्याने युनियनच्या रास्त कामाला दिवाणी दावे आणि कटाच्या आरोपापासून संरक्षण दिलं, आणि ते संरक्षण नव्या संहितेतही आहे. हक्क जागेवर आहे. तो वापरायची वाट मात्र लांब आणि कागदी झाली आहे, आणि खालची बहुतेक उत्तरं त्या कागदांबद्दलच आहेत.

युनियन नोंदवायला किती माणसं लागतात?

अर्जावर सह्या किमान ७ जणांच्या. शिवाय त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले १० टक्के कामगार किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी, तेवढे सभासद हवेत. २,००० कामगारांच्या कारखान्यात १०० पुरेत. ६० जणांच्या वर्कशॉपमध्ये १० टक्के म्हणजे ६, पण ७ च्या खाली चालत नाही. ही अट २००१ पासूनचीच आहे. नोंदणी झाल्यावरही संख्या टिकवावी लागते हे लोक विसरतात.

बाहेरचा पुढारी घेता येतो का?

येतो. एकूण पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा ५, यातला कमी आकडा. असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत. माझं मत विचाराल तर अध्यक्ष बाहेरचा चालेल, खजिनदार आणि सरचिटणीस पाळीत उभा राहणाराच हवा.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

गेटवर झेंडा लावून तर मुळीच नको. तो शेवटून दुसरा टप्पा.

आधी वहीत खात्यांची यादी करा: मशीन शॉप, पेंट शॉप, पॅकिंग, स्टोअर, कॅन्टीन. प्रत्येक खात्यात, प्रत्येक पाळीत असा एक माणूस शोधा ज्याचं बाकीचे ऐकतात. तो बहुधा सगळ्यात जास्त बोलणारा नसतो. नवीन पोराचं मशीन अडलं की तो ज्याच्याकडे धावतो, तो हा. असे दहा-बारा जण एकमेकांना ओळखू लागले की युनियन निम्मी झाली. कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि कंपनीच्या बसमध्ये अक्षर बोलू नका. एचआरला बातमी लागते ती नेहमी बसमधूनच.

पहिली मागणी छोटी आणि जिंकता येईल अशी धरा. सध्या मी नेमणूकपत्राची सुचवतो, कारण सुरक्षेच्या संहितेने ते प्रत्येक कामगाराला देणं मालकावर बंधनकारक केलंय. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांकडेही गेटपासपलीकडे कागद नसतो. चाळीस जणांनी एका अर्जावर सह्या करून पत्र मागितलं, तर त्यात बेकायदा काहीच नाही आणि सही करायची भीतीही मोडते. पत्र हातात आलं की पुढच्या प्रत्येक भांडणात ते पुराव्याला लागतं.

मग पावतीपुस्तक. याबद्दल मी जरा कटकट्या आहे. एका कारखान्यात आमची माणसं भरपूर होती, पण कार्यकर्त्याने वर्गणी घेताना पावतीवर नुसतं ‘पाटील, पेंट शॉप’ लिहिलं होतं. त्या खात्यात पाटील तीन. सभासद मोजायच्या पडताळणीच्या दिवशी अधिकाऱ्याने पावत्या मस्टरशी (हजेरीपटाशी) लावून पाहिल्या, प्रत्येक पाटलापाशी बोट थांबलं आणि तिघांपैकी एकही मोजला गेला नाही. तेव्हापासून आमच्या पुस्तकात पूर्ण नाव, टोकन नंबर, खातं, महिना आणि सभासदाची सही, सगळं कार्बनखालच्या स्थळप्रतीवर नीट उमटलेलं लागतं.

युनियन नोंदली. आता मालकाला बोलायलाच लागेल ना?

नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. हा फरक न कळल्याने मी भल्याभल्यांना फसताना पाहिलंय.

केंद्राच्या जुन्या कायद्यात मान्यतेची तरतूदच नव्हती. आता आहे. आस्थापनेत अनेक युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. कुणाकडेच ५१ टक्के नसतील तर वाटाघाटी परिषद बसते आणि २० टक्के किंवा जास्त पाठिंबा असलेल्या युनियनना तिच्यात जागा मिळते. १८ टक्केवाल्याला बाहेर बाकावर बसावं लागतं. हा दर्जा तीन वर्षांसाठी मिळतो, दोन्ही बाजूंनी ठरवलं तर पाच वर्षांपर्यंत.

महाराष्ट्रातल्या लोकांना हे सगळं अगदी नवीन नाही. आपल्याकडे १९७१ चा मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा १९७५ पासून चालत आलाय. तिथे ५० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी ३० टक्के सभासदत्व सलग सहा महिने दाखवलं की मान्यतेचा अर्ज करता येतो. संहितेने जे तीन कायदे रद्द केले त्यांत हा राज्याचा कायदा नाही. दोन्ही एकत्र कसे चालवायचे हे तुमच्या प्रकरणात वकिलाकडूनच समजून घ्या, पण तयारी ५१ च्या हिशेबाने करा. ३० वर थांबलेली युनियन उद्या अडचणीत येऊ शकते.

मान्यतेचा प्रश्न किती महाग पडतो हे गिरणगावाला विचारा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागण्या पगाराच्या आणि बदली (गैरहजर माणसाच्या जागी लावल्या जाणाऱ्या) कामगारांच्या होत्या, पण मुळाशी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन ठरत होती, म्हणजे करार करायचा तर तिनेच. रस्त्यावर कामगार एकाच्या मागे आणि कागदावर प्रतिनिधी दुसरा. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आज त्या गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत.

‘मस्टरवरचे कामगार’ म्हणजे कोण? कंत्राटी धरतात का?

सगळी मेख इथेच आहे. समजा गेटमधून रोज ४८० माणसं आत जातात. त्यांतले १८० कायम आणि ३०० कंत्राटी. कंत्राटी माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर असतो. म्हणजे कंपनीच्या मस्टरवर १८०, आणि त्यांचे ५१ टक्के म्हणजे ९२. तुमच्या युनियनकडे २५० सभासद आहेत, पण त्यांतले कायम फक्त ६०. दुसऱ्या युनियनकडे सगळे मिळून ९२, पण सगळे कायम. करारावर सही त्यांची.

म्हणून कंत्राटी कामगारांना सभासद करू नका, असा अर्थ कुणी काढला तर तो आत्मघात आहे. संहितेतल्या युनियनविषयीच्या प्रकरणापुरती कामगाराची व्याख्या रुंद आहे, कंत्राटीच काय, असंघटित कामगारही तिच्यात येतात. त्यांना सभासद कराच, ठेकेदाराच्या आस्थापनेतही युनियनचा दावा लावा, आणि मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी लावलेत का ते तपासा. मुख्य कामात कंत्राटी मजूर लावायला सुरक्षेच्या संहितेची मनाई आहे. तिला अपवाद आहेत आणि वाद त्या अपवादांवरच होतो. कुठल्या लाइनवर, कुठल्या तारखेपासून, कुणाच्या हुकमावरून काम केलं याची नोंद कामगाराने स्वतः ठेवली तर तो वाद लढता येतो. घरच्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहिले तरी पुरे.

संपाची नोटीस ६० दिवस आधी द्यावी लागते ना?

हा मेसेज मला दिवसातून तीनदा दाखवतात. तो अर्धा बरोबर आहे. संहिता म्हणते की संपाच्या आधीच्या ६० दिवसांत नोटीस दिलेली हवी, आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येणार नाही. म्हणजे थांबायचं किमान १४ दिवस, आणि नोटीस शिळी होते ६० दिवसांनी. नोटिशीत संपाची तारीख दिली असेल तर तिच्याआधीही जाता येत नाही. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही अट फक्त लोकोपयोगी सेवांना होती, आता ती सगळ्यांना लागली. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात १४ दिवस होतेच, त्यामुळे महाराष्ट्रात त्या १४ दिवसांचं मला एवढं काही वाटत नाही.

खरा अडसर पुढे आहे. नोटीस गेली की समेट अधिकाऱ्याला कन्सिलिएशन लावावं लागतं. पहिली बैठक झाली की कन्सिलिएशन सुरू झालं असं धरतात, आणि ते चालू असेपर्यंत व संपल्यावर ७ दिवस संप करायचा नाही. तिथे तोडगा निघाला नाही तर कुठलाही पक्ष थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तिथे प्रकरण चालू असेपर्यंत आणि नंतर ६० दिवस संप बंद. तारखा मांडून बघा. १ तारखेला नोटीस दिली, ८ तारखेला अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली, तर तुमचे १४ दिवस भरायच्या आतच दार लागलं. मालकाने न्यायाधिकरणात अर्ज टाकला की कुलूपही लागलं. कायदेशीर संपासाठी उरते ती एक चिंचोळी फट, आणि तिच्यातून जायचं तर तारखांवर मालकाच्या वकिलाइतकंच बारीक लक्ष हवं.

म्हणून मी हल्ली पोरांना म्हणतो, नोटिशीचा कागद शेवटी काढा. ज्यांची ताकद नोटीस देण्याआधी मालकाला दिसलेली असते, त्यांच्यावर नोटीस द्यायची वेळ कमी येते.

सगळ्यांनी मिळून एक दिवस किरकोळ रजा टाकली तर?

५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून टाकलेली रजा आता संपच धरतात. ती पळवाट बुजली.

आणि काळ्या फिती, गेट मीटिंग?

काळी फीत लावून पूर्ण काम केलं तर तो संप नाही. सुट्टीच्या वेळेत गेटबाहेर सभा घेता येते, पण कोर्टाने गेटपासून अमुक अंतर ठेवा असा मनाईहुकूम दिला असेल तर तो आधी वाचा. मुद्दाम काम संथ करणं मात्र अनुचित प्रथांच्या यादीत आहे, त्यावर कंपनीची चार्जशीट येतेच.

बेकायदा संपाला शिक्षा काय?

सामील होणाऱ्याला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला दंड १०,००० ते ५०,००० पर्यंत. बेकायदा टाळेबंदी करणाऱ्या मालकाला ५०,००० ते १ लाख. महिना १८ हजार कमावणाऱ्याला दहा हजार आणि कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला एक लाख, ही तुलना तुम्हीच करा. संप हा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणातच म्हटलं होतं. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून कायदा बदलला की त्याचा आकारही बदलतो.

युनियन केली म्हणून कामावरून काढलं तर काय करायचं?

पहिली गोष्ट, कुठेही राजीनाम्यावर सही करू नका. आमच्याकडे आलेल्या दहांपैकी निम्म्या प्रकरणांत माणूस म्हणतो, ‘दादा, त्यांनी केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले सही केलीस तर हिशेब आजच देतो.’ राजीनामा लिहून दिलेल्या माणसाला ‘मला काढलं’ हे सिद्ध करणं फार जड जातं. घेतलाच असेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पत्र पाठवा की सही दबावाखाली घेतली. दिवस उलटला की पत्राचं वजन घटतं.

युनियनच्या कामासाठी कामगाराला काढणं ही अनुचित प्रथा आहे. वाद प्रलंबित असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. संरक्षित कामगार म्हणून एकूण संख्येच्या एक टक्का पदाधिकाऱ्यांना (किमान ५, कमाल १००) जास्तीचं कवच मिळतं. त्यांची नावं कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. पोच नसेल तर कवचही नाही.

मुदत लक्षात ठेवा. काढून टाकल्याचा वाद नेण्याची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, ती आता दोन झाली आहे.

३०० चा आकडा सारखा ऐकू येतो, तो कशाचा?

ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात किंवा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागते. ती पूर्वी १०० कामगारांच्या ठिकाणी लागायची, आता ३०० च्या ठिकाणी लागते, आणि सरकार हा आकडा अधिसूचनेने वाढवू शकतं. स्थायी आदेशांची सक्तीही आता ३०० पासून. २५० जणांच्या कारखान्यात परवानगी नको, पण महिन्याची नोटीस, दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची भरपाई आणि ‘शेवटी आला तो आधी गेला’ हा नियम सुटत नाही. शिवाय कपात झालेल्यासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायला हवा. हा निधी मागायचं लोकांच्या लक्षातच येत नाही.

फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) घेतलंय. सभासद होऊ का?

व्हा. पगार आणि सवलती त्याच कामाच्या कायम कामगारासारख्याच मिळायला हव्यात, आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी. मुदत संपल्यावर पुढचं पत्र न मिळणं ही मात्र कपात धरली जात नाही. म्हणूनच हे कामगार युनियनजवळ यायला कचरतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. करारातच ‘मुदत वाढवताना जुन्यांना प्राधान्य’ असं कलम घालून घेणं हा त्यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय.

हातात येणारा पगार कमी होणार का?

भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग ‘वेतन’ धरायचा, असा नियम झालाय. एकूण ३०,००० आणि बेसिक फक्त ९,००० असेल तर ग्रॅच्युइटीसारखे हिशेब १५,००० वर होतील. पीएफ १५,००० च्या कायदेशीर मर्यादेवरच कापला जात असेल तर या बदलाने हातातली रक्कम घटायचं कारण नाही.

बारा तासांची पाळी आता सक्तीची झाली का?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले. तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांपर्यंत, तोही कामगाराच्या लेखी संमतीने आणि दुप्पट दराने. नेमणूकपत्राच्या गठ्ठ्यात संमतीचा फॉर्म आधीच खोचलेला असतो, तेवढा बघून सही करा. १० जून १८९० ला नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हाही भांडण वेळेचंच होतं.

मालकच नाही अशांनी काय करायचं? घरकाम, हमाली, डिलिव्हरी?

या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली आहे. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने मंडळ नेमलं, मजुरी मंडळात जमा, तिथून कामगाराला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं पोतं उचलणाऱ्यालाही त्यामुळे एक ठाम दार मिळालं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांची पहिली मोठी कमाई म्हणजे ओळखपत्र. पोलिसाने हटकलं की दाखवायला कार्ड होतं.

डिलिव्हरीच्या पोरांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेत अॅग्रीगेटर (अॅपवरून काम देणाऱ्या) कंपन्यांकडून वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के (कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत) घ्यायची तरतूद आहे. ही कल्याणाची तरतूद झाली. कंपनीने अॅपवरचा आयडी बंद केला तर दाद कुठे मागायची, याचं उत्तर त्यात नाही. ते भांडण अजून रस्त्यावरच आहे.

एक दिवसाच्या देशव्यापी संपाने कायदा थोडाच मागे घेतात?

लगेच नाही घेत. ९ जुलै २०२५ ला दहा केंद्रीय संघटनांनी संप केला, भारतीय मजदूर संघ त्यात नव्हता, आणि चार महिन्यांनी संहिता लागू झाल्याच. पण ७ नोव्हेंबर १९३८ आठवा. मुंबई सरकारच्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि एक दिवसाचा संप झाला. विधेयक मंजूर झालंच. त्यातलीही गोम संपाआधीच्या सक्तीच्या समेटाची होती, आणि संपाबद्दल शिक्षा म्हणजे कामगाराला गुलाम करणं, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. आजच्या वाटाघाटींत मी तोच मुद्दा, त्यांच्याइतका नीट नाही, पण मांडतो.

तुमच्याकडे यायचं तर काय आणायचं?

शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, नेमणूकपत्र असेल तर ते, आणि आलेली नोटीस. स्लिप देत नसतील तर पासबुक भरून आणा. नोटिशीचा मोबाइलवर फोटो काढताना पाठची बाजूही काढा. मिळाल्याची तारीख आणि शिपायाची सही बहुतेक वेळा तिथेच असते.